साप्पोरोहून, दादाच्या औषधाबद्दल

ती. आई-बाबांस सा. न.

मी मजेत आहे. बर्फ गुडघाभर, पण घरात हीटर असतो. जेवतेही नीट.

बाबा, दादाच्या मणक्याच्या दुखापतीवर जपानात औषध आहे म्हणतात ते खरं का, हे तुम्ही तीनदा विचारलंत. मी टाळत नव्हते, नीट वाचून लिहायचं होतं. ते औषध खरं आहे. स्टेमिरॅक नाव, इथल्याच मेडिकल युनिव्हर्सिटीतलं. पेशंटचाच बोन मॅरो काढायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि सलाइनसारख्या शिरेतून सोडायच्या. डिसेंबर २०१८ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. पण मॅरो दुखापतीपासून ३१ दिवसांच्या आत काढायला हवा. दादा कात्रजला पडला त्याला पाडव्याला तीन वर्षं होतील. चाचणीही १३ जणांचीच. बारा सुधारले म्हणतात, पण सुरुवातीला काही जण आपले आपणही सुधारतात, आणि तुलनेला औषध न दिलेला गट नव्हता. टोकियोत केइओ विद्यापीठाने आयपीएस पेशी (साध्या पेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी) दिल्या त्या चौघांना, त्याही दुखापतीनंतर १४ ते २८ दिवसांत. ‘जपानात राहून एवढं होत नाही का’ म्हणणाऱ्या आत्याला हे वाचून दाखवा.

आणि स्टेम सेलचे पाच लाख मागणाऱ्या त्या क्लिनिकला एक रुपया देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे मणक्यासाठी स्टेम सेल फक्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

आई, इथला कचरा हे एक व्रतच आहे. दुधाचा खोका धुवायचा, कापून सपाट करायचा, वाळवायचा. बाटलीचं बूच काढायचं, वरचं लेबल सोलायचं. प्रत्येक कचऱ्याचा वार वेगळा आणि सकाळी साडेआठच्या आत ठेवायचा. चुकलं की पिशवी चिठ्ठी लावून तिथेच! माझी दोनदा राहिली. वर कावळ्यांसाठी जाळी. म्हणजे पितृपक्षात पंचाईतच.

मी साठ हजार पाठवलेत. नवा एअर बेड घ्या, फिजिओचे थकलेले द्या. एफडी मोडू नका.

साताऱ्याच्या स्थळाला अजून होकार देऊ नका. मुलाच्या आईने ‘पुढे भावाचं कोण करणार’ विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणे ‘तिच्यावर काही नाही’ म्हणालात. मला न विचारता का म्हणालात?

दादाला सांगा, कूस बदलायचा रात्री दोनचा गजर मी इथे साडेपाचला लावलाय. तशीही मी उठतेच तेव्हा.

तुमची,
मनू