इक्वलायझर विकत घेण्याआधी

महोदय,

गणपती जवळ आले की कणकवली-कुडाळपासून चिपळूणपर्यंत गजर, डबलबारी आणि जाखडीच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगची घाई सुरू होते. घरातल्याच खोलीत लॅपटॉप आणि दोन-चार माइकांवर काम करणारी मुले आता गावोगाव आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण सॉफ्टवेअरसोबत येणारा इक्वलायझर, म्हणजे आवाजातले खर्ज-तार भाग कमी-जास्त करण्याचे साधन, कच्चा आणि विकतचा तेवढा पक्का, असा समज त्यांच्यात रुजला आहे. त्यापायी मंडळाच्या वर्गणीतले पैसे जातात, म्हणून हे पत्र.

हा समज पाच मिनिटांत तपासता येतो. बुवांच्या आवाजाचा एकच ट्रॅक दोनदा घ्यावा. एकावर सोबतचा इक्वलायझर, दुसऱ्यावर विकतच्याची चाचणी-आवृत्ती लावावी आणि दोन्हींवर ३०० हर्ट्झला ४ डेसिबल कमी करावेत. ‘क्यू’चा, म्हणजे ही वजावट किती अरुंद ते ठरवणारा, आकडा सारखा ठेवून भागत नाही, कारण प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने मोजते. पडद्यावर दिसणारे वजावटीचे वक्र एकमेकांवर बसेपर्यंत एकाचा क्यू हलवावा लागतो. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे त्याची लहर वरची खाली करून, दोन्ही एकत्र वाजवावेत. जे ऐकू येईल तेवढाच दोघांतला फरक, आणि अशा साध्या वक्राला बहुधा काहीच ऐकू येत नाही. फरक उरतो तो वरच्या टोकाला. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या निम्मी, २२.०५ ही हद्द असते आणि काही इक्वलायझरांचा वक्र तिच्याजवळ आक्रसतो. त्यावर प्रोजेक्ट ९६ किलोहर्ट्झला ठेवणे किंवा ओव्हरसँपलिंग (इक्वलायझरने आतल्या आत जास्त नमुन्यांवर काम करणे) चालू करणे हा उपाय आहे. एबलटन या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ‘इक्यू एट’मध्ये ती सोय आहेच.

मग विकतचा ‘लगेच छान’ का वाटतो? बऱ्याचदा त्याने आवाज थोडा मोठा झालेला असतो. एखाद्या डेसिबलची वाढसुद्धा कानाला सुधारणा वाटते. म्हणून इक्वलायझर चालू-बंद करून ऐकताना दोन्ही वेळची पातळी सारखी करावी आणि मगच मत बनवावे.

आपल्याकडच्या वाद्यांना काय लागते ते पाहू. बुवा काळी एकमध्ये गात असतील तर मध्य सप्तकातला सा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि त्याखालचा मंद्र पंचम १०४ वर येतो. ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज काढून टाकणारा हाय-पास फिल्टर ८० च्या आसपास ठेवला तर पंख्याची घरघर आणि माइकच्या स्टँडला लागलेले धक्के जातात, आवाजाला धक्का लागत नाही. तोच १५० वर नेला की मंद्रातला दमच निघून जातो. पखवाजाचे गणित वेगळे. धुमेवरची, म्हणजे त्याच्या खर्जाच्या तोंडावर लावलेली, कणीक वाळू लागली की धुमेचा स्वर चढतो. पहिल्या गजराला शोधून ७० हर्ट्झवर दिलेली अरुंद उचल चौथ्या गजराला चुकीच्या जागी पडते. तिथे उचल रुंद आणि बेताची, २-३ डेसिबलची हवी, आणि कणकेला पाण्याचा हात वेळेवर लागायला हवा. झांजेची खरी अडचण तिच्या स्वतःच्या ट्रॅकवर नसतेच. ती बुवांच्या माइकमध्ये शिरलेली असते. बुवांचा आवाज ‘खुलवायला’ १० किलोहर्ट्झला उचल दिली की आधी झांज अंगावर येते. झांजवाल्याला माइकच्या पाठीमागच्या बाजूला, दोन पावले दूर बसवले तर जे साधते ते कोणत्याही प्लगइनने (सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनाने) साधत नाही. माइक तोंडाला चिकटवल्याने फुगलेला खर्जही वीतभर अंतराने उतरतो.

आणखी एक गोष्ट खोलीची. १० फूट लांबीच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो किंवा बसण्याच्या जागेनुसार गायबही होतो. तिथे बसून खर्ज कमी-जास्त केला तर आपण खोली दुरुस्त करत असतो, गाणे नव्हे. पैसे असतील तर आधी कोपऱ्यांत रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचे) जाड पॅनेल लावावेत आणि एक चांगला हेडफोन घ्यावा. दमट हवेत पॅनेल भिंतीपासून थोडे सोडून बसवावे, नाहीतर मागे बुरशी धरते.

विकतचा इक्वलायझर कधीच घेऊ नये असे मात्र आमचे म्हणणे नाही. बुवा चढ्या स्वरात गेले की ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज टोचतो, खाली आले की टोचत नाही. तिथे कायमची वजावट केली तर खालचा आवाज मंद होतो. टोचेल तेव्हाच दाबणारा डायनॅमिक इक्वलायझर त्यासाठी लागतो. क्युबेस प्रो या सॉफ्टवेअरच्या ‘फ्रिक्वेन्सी २’मध्ये ही सोय आहे. रीपर या सॉफ्टवेअरच्या ‘रीइक्यू’मध्ये सरळ नाही, पॅरामीटर मॉड्युलेशनने (आवाजानुसार आकडे आपोआप हलवून) जमवता येते, पण खटाटोप फार. ‘टीडीआर नोव्हा’ या इक्वलायझरची फुकट आवृत्ती हेच काम नीट करते. रोज दहा-बारा तास मिक्सिंग करणाऱ्याने ‘फॅबफिल्टर प्रो-क्यू’ हा विकतचा इक्वलायझर घेतला तर त्याचा वेळ वाचेल, आणि तो पैसा वसूल होईल. पुलटेक या जुन्या व्हॉल्व्हच्या इक्वलायझरच्या सॉफ्टवेअर-नकलांमध्ये रंग असतो तो व्हॉल्व्ह-ट्रान्सफॉर्मरच्या विकृतीचा. तो हवा असेल तरच घ्याव्यात. सगळ्या स्वरांना सारखाच उशीर ठेवणारा ‘लिनिअर फेज’ हा प्रकार मात्र पखवाज-ढोलकीवर टाळावा: खर्जातल्या तीव्र वजावटीने थापेच्या आधीच तिची पुसट चाहूल ऐकू येते.

पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक केलेली प्लगइन्स कोणीही टाकू नयेत. त्यांतून लॅपटॉपमध्ये काय शिरते ते कळत नाही आणि वर्षाचे काम एका दिवसात जाऊ शकते.

पुष्कळ मंडळांचे अंतिम मिक्सिंग मुंबईत होते. गावातल्या लॅपटॉपवरचे प्लगइन तिथल्या संगणकात नसेल तर प्रोजेक्ट त्याविना उघडतो आणि केलेली मेहनत ऐकूच येत नाही. म्हणून प्रत्येक ट्रॅक २४ बिट वेव्ह फाइलमध्ये, सगळे वेळेच्या एकाच शून्यापासून सुरू होणारे, इक्वलायझरसह एक आणि त्याविना एक असे दोन संच पाठवावेत. फाइलच्या नावात गजराचा क्रमांक, वाद्य आणि स्वर लिहावा: ‘गजर ३, पखवाज धूम, काळी एक’.

— एक ध्वनिमुद्रक, कुडाळ