कांगॉच्या लढाईतले कोल्हापूर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातील कमांडोंच्या लढायांवरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. ब्रह्मदेशातील (आजच्या म्यानमारमधील) आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ येथे ब्रिटिश कमांडो ब्रिगेडने ‘हिल १७०’ ही टेकडी जपानी हल्ले परतवीत कशी राखली, ते लेखकाने मनापासून लिहिले आहे. मात्र त्याच लढाईत कोल्हापूरच्या एका सुपुत्राने, शंकरराव थोरातांनी, गाजवलेल्या पराक्रमाचा त्यात साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

टेकडी जेमतेम १७० फूट उंच, दाट झाडीची. भोवती भातखाचरे आणि भरतीला तुडुंब भरणाऱ्या, खारफुटीने वेढलेल्या खाड्या. म्योहाँगकडून दक्षिणेकडे माघार घेणाऱ्या जपानी फौजेची वाट कांगॉवरून जात होती, म्हणून एवढ्याशा उंचवट्यासाठी इतके रक्त सांडले. २२ जानेवारी १९४५ रोजी कमांडो खाडीतून उतरले, त्यांनी टेकडी घेतली आणि त्याच रात्री जपान्यांचा पहिला प्रतिहल्ला आला. त्यानंतरचे दिवस तोफांच्या माऱ्याखाली चर खोदून बसण्यात गेले. ३१ जानेवारीला उजाडण्यापूर्वीच्या अंधारात सर्वांत मोठा हल्ला झाला. उत्तर टोकावर लेफ्टनंट जॉर्ज नोलँड यांची २४ जणांची तुकडी होती. ब्रेनगन या हलक्या मशीनगनवरचे जवान जखमी होताच नोलँड यांनी ती स्वतः हाती घेतली. शत्रू अवघ्या दहा यार्डांवर, पण उताराच्या खाली असल्यामुळे चरातून त्याच्यावर नेम धरता येईना, तेव्हा ते चराबाहेर उघड्यावर उभे राहून गोळीबार करू लागले. पुढे दोन इंची उखळी तोफ कमरेशी धरून त्यांनी डागली. त्यात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पायथ्याशी भारतीय सैन्याच्या १९ लान्सर्स या रेजिमेंटचे रणगाडे होते आणि बांबूच्या टोकाला स्फोटके बांधून जपानी सैनिक त्यांच्यावर धावून गेले. दिवसभर चाललेल्या या झुंजीनंतरही टेकडी हातची गेली नाही.

आता राहिलेला भाग. कमांडोंच्या बरोबरीने कांगॉत भारतीय सैन्याची ५१ वी ब्रिगेड लढत होती आणि तिच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीय अधिकाऱ्यांकडे होते, ही त्या काळात फार दुर्मीळ गोष्ट. थिमय्या, एल. पी. सेन आणि शंकरराव थोरात हे ते तिघे. थोरात आपल्या वडगावचे. २९ जानेवारीला त्यांच्या २/२ पंजाब पलटणीने जवळचीच ‘मेलरोज’ टेकडी जिंकली. या लढाईसाठी तिघांनाही डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. पलटण पंजाबची, तिचा कमांडिंग ऑफिसर कोल्हापूरचा, आणि बाजूच्या टेकडीवर इंग्रज कमांडो, असे ते चित्र आहे. पुढे लेफ्टनंट जनरल झालेले थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना चीनकडून होऊ शकणाऱ्या आक्रमणाचा इशारा देत होते, एवढे काही जाणकारांना ठाऊक असते, पण कांगॉचे नाव घेतले की समोरचा माणूस गोंधळतो.

हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटण्याचे कारण घरचे आहे. माझे आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर शिपाई होते. जपानी रात्री जवळ येऊन ओरडत, फटाके वाजवत, म्हणजे घाबरून कुणी गोळी झाडावी आणि मोर्चाची जागा कळावी, असे ते सांगत. त्यामुळे अंधार पडल्यावर चराबाहेर पाऊल टाकायचे नाही, जो हलेल तो शत्रू समजायचा आणि तो दिसेपर्यंत बंदुकीच्या घोड्याला बोट लावायचे नाही, असा सक्त हुकूम असे. म्हातारपणीही अंगणात मांजराने भांडे पाडले तरी ते उठून बसत आणि कितीतरी वेळ कान देऊन ऐकत राहत. ब्रह्मदेशच्या आघाडीवरील सेवेसाठी मिळालेले त्यांचे ‘बर्मा स्टार’ हे पदक आमच्या ट्रंकेत आहे. निळ्या फितीवर मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना बारीक नारिंगी रेघा. त्यांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून मुक्त होताना मिळालेली सेवेची नोंदवही, मात्र एका कार्यालयात पडताळणीसाठी दिले ते परत आलेच नाही. चार वर्षे हेलपाटे घातल्यावर ‘सापडत नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

असे कागद कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, शाहूवाडी भागात अजून किती घरांत असतील आणि दरवर्षी किती रद्दीत जात असतील! आपल्या दैनिकाने पुढाकार घेऊन महायुद्धात गेलेल्या शिपायांच्या घरची डिस्चार्ज बुके, पत्रे, पदके यांची छायाचित्रे जमवावीत, मूळ वस्तू घरीच राहू द्याव्यात आणि हा संग्रह शिवाजी विद्यापीठाने सांभाळावा, अशी विनंती आहे. येत्या ३१ जानेवारीच्या अंकात कांगॉवर लिहिताना नोलँड यांच्याबरोबर थोरातांचेही नाव यावे. आजोबांचे पदक आणि गणवेशातला एकमेव फोटो घेऊन मी आपल्या कार्यालयात केव्हाही येण्यास तयार आहे.

आपला,
एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर