धूर येतो म्हणून ऑइल कमी करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळी मासेमारी बंदी संपत आली की कोकण किनाऱ्यावर होड्यांची डागडुजी सुरू होते. जाळी शिवली जातात, होडीला रंग लागतो आणि १ जूनपासून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) बाहेर निघतो. दोरी ओढली की तो चार वेळा खोकतो, धूर सोडतो आणि भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतो, ‘ऑइल जास्त झालंय, पुढच्या कॅनला कमी घाल.’ या एका सल्ल्याने दरवर्षी चांगली इंजिने जाम होतात, म्हणून हे पत्र.

लहान होड्यांवर चालणाऱ्या ९.९ आणि १५ एचपीच्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच पिस्टनचे आणि क्रँकच्या बेअरिंगचे एकमेव वंगण असते. नेहमीचे प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली आणि २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. नव्या इंजिनाला, किंवा नवे पिस्टन-रिंग टाकले असतील तर, पहिले दहा तास याच्या दुप्पट. हे अंदाजाने ओतायचे काम नाही, मापाची बाटली हवी. आधी टाकीत पाचेक लिटर पेट्रोल, त्यात सगळे ऑइल, टाकी चांगली हलवायची आणि मग उरलेले पेट्रोल. ऑइल निम्मे केले तर धूर जरा विरळ होतो हे खरे, पण मूळ दोष तसाच राहतो आणि भर समुद्रात फुल थ्रॉटलवर पिस्टन सिलिंडरला धरतो.

ऑइल कोणते, हेही महत्त्वाचे. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेले हवे, ही पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या ऑइलची खूण. मोटरसायकलचे २टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी असते. त्यातल्या धातुयुक्त घटकांची राख ओबीएममध्ये प्लगच्या टोकावर आणि पिस्टनच्या डोक्यावर साचते. स्वस्त पडते म्हणून ते वापरणारे प्लगवर त्याच्या कितीतरी पट खर्च करतात.

थंड टू-स्ट्रोक सुरू होताना निळसर-पांढरा धूर येणारच. बंदीआधी सिलिंडरमध्ये ऑइल मारून ठेवले असेल तर पहिली दहा मिनिटे धूर दाटच येईल. इंजिन तापल्यावर तो विरळ झाला पाहिजे. नाही झाला, तर पहिला संशय ऑइलवर नको, इंजिन एकाच सिलिंडरवर चालते आहे का यावर घ्यावा. दोनपैकी एक सिलिंडर पेटत नसेल तर त्यातले कच्चे पेट्रोल आणि ऑइल तसेच बाहेर पडते. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग पसरतो, इंजिन थरथरते, जोर निम्मा होतो आणि धूर मात्र दुप्पट दिसतो.

हे तपासताना चालू इंजिनाची प्लगची टोपी हाताने उपटू नये. शॉक बसतोच, शिवाय ठिणगीला वाट न मिळाल्याने सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू शकतो. इंजिन बंद करावे, एका सिलिंडरची टोपी काढून तिच्यात जुना प्लग बसवावा, त्या प्लगचा धातूचा भाग ब्लॉकला घट्ट टेकवून बांधावा आणि मग इंजिन चालू करावे. जवळपास उघडे पेट्रोल नको. आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच. आता त्याचा मूळ प्लग काढून उजेडात धरा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि तेलकट असेल तर ठिणगी कमजोर. काळा पण कोरडा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे: चोक अडकलेला, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची सुई गळकी किंवा होडीला पंखा (प्रोपेलर) जड. एक प्लग नेहमीसारखा आणि दुसरा धुतल्यासारखा स्वच्छ, वर गंजाचे ठिपके, असे दिसले तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे. तापल्यावरही न थांबणारा पांढरा, वाफेसारखा धूर याचाच. हेड गॅस्केट किंवा एक्झॉस्ट कव्हरचे गॅस्केट गेलेले असते. तेव्हा इंजिन पुन्हापुन्हा चालवून पाहू नये, खारे पाणी एका रात्रीत बेअरिंग खाते.

आता पेट्रोल. देशातल्या बहुतेक पंपांवर आज २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि बहुतेक ओबीएम कंपन्यांच्या पुस्तिकांत मर्यादा १० टक्क्यांची आहे. कार्ब्युरेटरमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके) तेच राहिले तर इंधनमिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी जाते, आणि इंजिन जास्त तापते. पण होडीवर खरा धोका पाण्याचा. इथेनॉल पाणी ओढून घेते. अर्धी भरलेली टाकी, झाकणावरचा उघडा राहिलेला हवेचा स्क्रू, दोन महिन्यांची दमट हवा आणि झाकणावरून झिरपलेला पाऊस इतके पुरेसे होते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोल सोडते आणि पाण्याला घेऊन तळाशी बसते. टाकीतले थोडे इंधन तळातून काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. खाली पाण्यासारखा वेगळा थर आणि वर ऑइलचा निळा-हिरवा रंग धरलेले पेट्रोल, अशी स्पष्ट रेघ दिसते. आता हे पाहा: ऑइल सगळे वरच्या थरात आहे आणि टाकीची नळी ओढते तळातून. म्हणजे इंजिनात जाते ते बिनाऑइलचे. तुम्ही ५०:१ अगदी मोजून घातलेले असले तरी इंजिन कोरडे चालते. असे पेट्रोल हलवून, वर नवे ओतून सुधारत नाही, ते काढूनच टाकावे लागते, आणि खाडीत नव्हे. टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवला तर थेंब थेंब येणारे पाणी अडते, मात्र तळाला थरच बसला असेल तर तो फिल्टर वाचवू शकत नाही.

पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. रॉकेलवर चालणारी मॉडेल वेगळी येतात, त्यांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी ठेवलेले असते. पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल गेले की धूर वाढतो, ठोका येतो आणि पिस्टनची कड जळते.

दहा-पंधरा मिनिटे नीट चालून इंजिन मरत असेल तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहा. तो बंद राहिला तर पेट्रोलच्या नळीवरचा, हाताने दाबायचा रबरी फुगा चपटा होतो. स्क्रू उघडा असूनही फुगा चपटाच होत असेल तर टाकीतली गाळणी तुंबलेली, किंवा इथेनॉलने नळीचे आतले अस्तर सुटून वाट अडलेली. उलट, फुगा कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल तर कुठेतरी हवा ओढली जाते आहे, बहुधा कनेक्टरच्या ओ-रिंगमधून. इंजिन मरायला लागताच फुगा दाबला आणि ते पुन्हा उचलले, तर फ्युएल पंपाचा पडदा गेला.

मंद गतीवर थांबत नाही, चोक ओढला की बरे चालते, हे लक्षण पायलट जेट (मंद गतीचे पेट्रोल देणारे) तुंबल्याचे. उरलेले पेट्रोल सुकून त्यात पिवळसर डिंक धरतो. जेट पितळेचे असतात, तारेने टोकरले की भोक मोठे होते आणि मग कायमचा काळा धूर. कार्ब क्लीनर मारून हवेने फुंकावे. फारच अडले तर तंगूसचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) बारीक तुकडा आत सरकवावा, तो पितळेला ओरखडा पाडत नाही. पायलट स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत टेकेपर्यंतचे फेरे मोजून लिहून ठेवावेत.

इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेकडे सगळे बघतात, पण धार आहे म्हणजे सगळे ठीक असे नाही. खाडीतल्या वाळू-चिखलाने इंपेलरच्या (पाण्याच्या पंपातल्या रबरी चाकाच्या) पाकळ्या झिजतात आणि एकाच बाजूला दुमडून कडक होतात. वर्षातून एकदा तो बदलावाच, पंपाची आतली वाटी ओरखडली असेल तर तीही. थर्मोस्टॅटमध्ये (इंजिन तापल्यावर थंड पाण्याला वाट देणाऱ्या झडपेत) मीठ अडकते म्हणून तो काढूनच टाकण्याची पद्धत मात्र चुकीची. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कधीच पुरते तापत नाही, ऑइल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात आणि धूर येतच राहतो. गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून तो उघडतो का पाहावे, नसेल उघडत तर नवा घालावा. चाचणी नेहमी पिंपात, पाण्याची तोंडे पूर्ण बुडतील एवढ्या गोड्या पाण्यात. कोरडे इंजिन ‘जरा बघू’ म्हणून अर्धा मिनिट चालवले तरी इंपेलर जळतो.

हे सगळे ठीक असूनही जोर नसेल तरच गेज लावून कॉम्प्रेशन मोजावे. दोन्ही प्लग बाहेर, किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि दोरीला पाच-सहा सारखे झटके. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक बोलतो. तो १५ टक्क्यांच्या वर असेल तर रिंग किंवा गॅस्केट पाहावे लागेल. त्याआधी ‘इंजिन गेलं, ओव्हरहॉल करा’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी थोडेसे. निळा धूर आला तर आधी डिपस्टिक पाहा. ऑइल खुणेच्या वर असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर पातळ झालेले ते ऑइल बदलायला हवे. टेम्पोतून आणताना इंजिन चुकीच्या कुशीवर आडवे ठेवले तरी ऑइल सिलिंडरमध्ये उतरते. कोणती बाजू खाली ठेवायची ते पुस्तिकेत दिलेले असते.

मच्छीमार सोसायट्यांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाला विनंती आहे की नारळी पौर्णिमेच्या आधी बंदराबंदरावर तपासणीचा एक दिवस ठेवावा. त्यासाठी एक पिंप, एक कॉम्प्रेशन गेज, काचेच्या चार बाटल्या आणि आयटीआयचे दोन निदेशक पुरतील. सोसायटीच्या दुकानात टीसी-डब्ल्यू३ ऑइल मापाच्या बाटलीसह ठेवावे आणि पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण फळ्यावर लिहावे.

आपला,
एक वाचक, मालवण