डिचोलीहून बाळूला

डिचोली, गोवा

प्रिय बाळू,

फोन केला असता, पण घरात हा विषय काढायची सोय नाही. वहिनी दाराआड उभी राहून ऐकते. आमच्या समीरची बदली बस्तरला झाली, सीआरपीएफच्या बॉम्बपथकात. चवथीला सगळे जमलो होतो. माटोळीखाली बसून पोरगा खुशीत सांगत होता, "काका, आता लेझरच्या गाड्या येणार. लांबूनच बॉम्ब जाळायचा, जवळ जायचं कामच नाही." सगळ्यांना हायसं वाटलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. का, ते तुलाच कळेल. बाकी तब्येत ठीक, गुडघे दुखतात, साखर आटोक्यात.

तू म्हणशील, दत्त्या परत यंत्रांच्या नादी लागला. श्रीलंकेत, जाफन्यात आपलं भांडण यावरूनच व्हायचं. जमिनीत टोचायची प्रॉडरची सळई आणि कुत्रा सोडून तुझा कशावर भरवसा नसायचा, आणि कुत्र्यावर तर माझ्यापेक्षा जास्त! मी अजून यंत्राच्याच बाजूचा आहे. लेझर ही थाप नव्हे. अमेरिकनांनी २००३ मध्ये हमव्ही या लष्करी गाडीवर बसवलेलं 'झ्यूस' अफगाणिस्तानात नेलं आणि दोनशेच्या वर स्फोटकं निकामी केली. आता त्यांच्या हवाई दलाकडे कौगर गाडीवर ३ किलोवॅटचं आहे, धावपट्टीवर पडलेले न फुटलेले बॉम्ब सुमारे ३०० मीटरवरून उडवायला. आपल्याकडे डीआरडीओच्या दिल्लीच्या लॅस्टेक प्रयोगशाळेनेही गाडीवरचं असं लेझर तयार केलं. किरण बॉम्बच्या कवचावर रोखून धरायचा. कवच तापतं, आतली दारू पेट घेते, दाबाने कवच फाटतं. बहुतेक वेळा माल नुसता जळतो, पूर्ण ताकदीने फुटत नाही. आपल्या तुकडीतल्या शेलारने पीईके या स्फोटकाचा तुकडा पेटवून चहा उकळला होता, ते आठव. सुभेदारसाहेबांनी त्याला पाठीवर पिठ्ठूचं ओझं चढवून ग्राउंडभर पळवला आणि परत आल्यावर स्वतःसाठी कप मागितला.

आणि शेलारला तर वस्तू दिसली होती रे. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी, पालापाचोळ्यात, वायर उघडी. आपण सगळे मागे थांबलो आणि तो एकटा पुढे गेला. ते शेवटचं अंतर माणसाने चालायचं नाही, एवढ्याचसाठी ही गाडी आहे. त्या दिवशी ती असती तर तो आज तुझ्याशी रमी खेळत असता, आणि तू हरल्यावर पत्ते उधळले असतेस.

पण दिसलं तर ना! समीरने मला फोनवर एक फोटो दाखवला. डांबरी रस्ता, वर ओरखडासुद्धा नाही. रस्त्याच्या कडेने, उतारावरून आडवं बीळ खणून माल थेट डांबराखाली सरकवलेला. बिळाचं तोंड मातीने बुजवलं होतं, त्यावर गवत उगवलेलं, वायरही गाडलेली. लेझरला समोर लक्ष्य दिसावं लागतं. मातीतून, डांबरातून किरण आरपार जात नाही. धूळ आणि पावसात तो वाटेतच विखुरतो, आणि बस्तरचा पाऊस काय आपल्या इथल्यापेक्षा दयाळू असणार? १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर गेला. त्या सुरुंगावर किरण रोखायचा म्हटलं तरी आधी तो कोणाला तरी सापडायला हवा होता. शोधायचं काम माणसाचं, कुत्र्याचं आणि डिटेक्टरचंच राहणार. (घे, मान्य केलं. फ्रेम करून लाव.)

मला धास्ती आहे ती पोराच्या त्या खुशीची. मागे गाडी आहे म्हटल्यावर पाय सैल पडतो. नजर गवतावरून, ताज्या मातीवरून, मोरीच्या कडेवरून घसरते. आरओपीला, रस्ता तपासत पायी जाताना, सहाव्या किलोमीटरनंतर डोळे कसे जड व्हायचे, ते आपण दोघांनी भोगलंय. मी समजवायला गेलो तर त्याला वाटतं काका जुन्या जमान्यातले, घाबरवतायत. तुझं तो ऐकेल. तुझ्या हाताची उरलेली दोन बोटं बघितली की पोरं गप्प बसून ऐकतात.

आयईडीच्या, म्हणजे असल्या पेरलेल्या बॉम्बच्या, कोर्सला तो तळेगावला येणार आहे. एका रविवारी त्याला चिंचवडला जेवायला बोलाव. जाफन्याच्या रस्त्याचं सगळं सांग, शेलारचंही. लेझर नको म्हणून सांगू नकोस हां, तू सांगशील म्हणून आधीच बजावतो. गाडी मिळाली तर त्याने ती हट्टाने मागून घ्यावी, आणि तरी तिच्या पुढचा रस्ता ती नसल्यासारखा बघावा.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नातीचे बारशाचे फोटो पाहिले, नाक तुझं आलंय, बिचारी. पेन्शनच्या त्या अर्जाचं काय झालं ते कळव. समीरबरोबर आमसुलं आणि तुझ्यासाठी काजू पाठवतोय. कोर्सची तारीख नक्की झाली की मिस्ड कॉल देतो, तू बाहेर जाऊन फोन कर.

तुझा,
दत्ता