आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : फिलर टोचणाऱ्या हाताला परवाना कधी?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी फिलर टोचणाऱ्यांना परवाना सक्तीचा करू, असा शब्द आपण दिला होता. आता खात्याकडून उत्तर येते की विषय विचाराधीन आहे. तोवर कुणीही सिरिंज उचलतो आणि काळीनिळी पडलेली त्वचा घेऊन माणसे आम्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात, तीही दोन-तीन दिवस वाया गेल्यावर.

फिलर म्हणजे त्वचेखाली टोचायचा भराव, बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचे घट्ट जेल. ते रक्तवाहिनीत शिरले की पुढचा रक्तपुरवठा तुटतो. भुवयांमधल्या आठ्या आणि नाक या सर्वांत धोक्याच्या जागा, कारण तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या असतात. दट्ट्या जोरात दाबला तर जेल उलट दिशेने सरकते आणि दाब सुटताच रक्तासोबत दृष्टिपटलाकडे जाते. दृष्टिपटल रक्ताविना साधारण दीड तास तग धरते. गेलेली नजर सहसा परत येत नाही. म्हणून सावकाश, एका वेळी ०.१ मिलीहून कमी टोचायचे असते.

त्वचेच्या रक्तपुरवठ्यातला अडथळा ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. बोटाने त्वचा दाबून सोडायची. रंग दोन-तीन सेकंदांत परतला नाही, त्वचा पांढरी पडली किंवा जाळीदार निळसर डाग उमटले, तर हात तिथेच थांबवायचा. वेदनेची वाट पाहू नये, कारण अनेक फिलरमध्ये लिडोकेन हे बधिर करणारे औषध मिसळलेले असते आणि ते दुखणे झाकते. अडथळा तसाच राहिला तर तिसऱ्या दिवशी पुळ्या येतात, त्यांना नागीण समजून भलतेच औषध दिले जाते. त्याहून वाईट म्हणजे ‘बर्फ लावा’ हा सल्ला. बर्फाने वाहिन्या आकुंचन पावतात. इथे हवा कोमट शेक, मालीश आणि लगेच हायल्युरॉनिडेज, म्हणजे ते जेल विरघळवणारे औषध : चेहऱ्याच्या एका भागाला ५०० युनिट, दोन भागांना १,०००, आणि रंग परतेपर्यंत दर तासाला पुन्हा. हे औषध हाताशी नसेल त्याने सुई उचलूच नये. आणि कॅल्शियम हायड्रॉक्सीॲपेटाइट या दुसऱ्या पदार्थाचे फिलर असेल तर हायल्युरॉनिडेज ते विरघळवत नाही. म्हणूनच काय टोचले हे कळणे फार महत्त्वाचे आहे. बॅच क्रमांकाचे एक स्टिकर नोंदवहीत आणि एक रुग्णाच्या हातात, एवढेही अनेक ठिकाणी होत नाही.

इंग्लंडने ऑक्टोबर २०२१ पासून सौंदर्यासाठी १८ वर्षांखालील मुलामुलींना फिलर टोचण्यास बंदी केली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सुईविना दाबाने फिलर मारणाऱ्या पेनांविरुद्ध इशारा दिला. मग आपल्याला आणखी कशाचा विचार करायचा आहे? सिरिंजमधल्या मालाची कागदोपत्री तपासणी होते, पण तो टोचणाऱ्या हाताला कुणी विचारत नाही. औषध एका खात्याकडे, दुकान दुसऱ्याकडे, तक्रार तिसऱ्याकडे. नजर गेलेला माणूस मात्र तिन्ही दारे झिजवतो. अपघातांची सक्तीची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून प्रश्नच नाही, असे आम्हाला सांगितले जाते. हे संतापजनक आहे.

चेहऱ्याच्या शरीररचनेचे प्रशिक्षण, खोलीत हायल्युरॉनिडेज आणि नेत्रतज्ज्ञाकडे तातडीने पाठवण्याची सोय, या अटींशिवाय कुणालाही परवाना देऊ नका. नियम कोणत्या तारखेपासून लागू होणार, हे लेखी कळवावे.

आपले,
काही त्वचारोगतज्ज्ञ