दिवाळीला सालदार सोडत नाही

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कादंबरीचा आराखडा मोबाईलवर काही वाचवेना. दारव्ह्याला बँकेच्या कामाला गेले तेव्हा झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणला. चौदा पानं निघाली. पोरगा म्हणे, काकू, कशाचे कागद? म्हटलं, माझ्या पोराची कादंबरी आहे, अजून लिहायची आहे. तो म्हणे, लिहायचीच आहे तर छापता काहून?

दोन रात्री वाचला. तुझे बाबा चौथ्या पानावर झोपले. मनाला लावून घेऊ नको, ते पेपरावरही झोपतात.

आधी चुका. १९७३ सालच्या शकुंतला रेल्वेला तू डिझेलचं इंजिन जोडलंस. अरे, १९९४ पर्यंत ती वाफेवर चालत होती. तुझी सुभद्रा दारव्ह्याहून यवतमाळला जाते आणि पांढरं लुगडं पांढरंच ठेवून उतरते. डोळ्यात कोळशाची कणी गेल्याशिवाय आमचा प्रवास झालाच नाही कधी. कापसाच्या पऱ्हाटीला ज्येष्ठात फुलं आणलीस, तेही खोडून टाक. मृगाच्या पावसावर पेरणी, फुलपाती धरते पोळ्याच्या आगेमागे. भिंतीवर पात्रांची नावं चिकटवलीस म्हणतोस, त्याच्याशेजारी एक पंचांग टांग. कोणतं प्रकरण कोणत्या नक्षत्रात घडतं ते आधी ठरव. तेवढ्यानं अर्धी माणसं आपोआप कामाला लागतील. मग त्यांना खिडकीत उभं राहून विचार करायला वेळ उरणार नाही. तुझी माणसं फार विचार करतात.

सगळ्यात मोठी चूक सालदाराची. वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, तो दिवाळीला काम सोडून जातो. आपल्याकडे साल गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत. दिवाळीला पऱ्हाटी पांढरी झालेली असते, त्या वेळी कोणी सोडत नाही आणि कोणी सोडू देत नाही. आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते ना.

आता एक भांडण देते, पाहिजे तर घे. वेचणारी बाई सकाळी लवकर वावरात शिरते, कारण दवानं कापूस जड असतो आणि मजुरी किलोवर. मालकीण म्हणते, दव उतरू दे, ओला कापूस गंजीत पिवळा पडतो. मी दोन्ही बाजूंनी भांडले आहे, लग्नाआधी एका बाजूनं, लग्नानंतर दुसऱ्या. वाळलेल्या बोंडाची टोकं दोघींच्याही नखांजवळ सारखीच टोचतात. संध्याकाळी भाजीत मीठ घालताना कळतं कुठे कुठे चिरलंय ते.

आणि पान नऊवर तू लिहिलंस, ‘कापूस विकून घरी आले.’ एवढंच? १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, व्यापाऱ्याला कापूस द्यायची बंदी झाली, सगळा माल सरकारी केंद्रावर न्यायचा. माझे बाबा दोन रात्री बंडी घेऊन रांगेत होते. मी नऊदहा वर्षांची, भावासोबत भाकरी घेऊन गेले आणि तिथंच बंडीतल्या कापसात झोपले. आतून ऊब लागत होती. सकाळी ग्रेडरनं बंडीत कोपरापर्यंत हात घातला, तळातला कापूस ओढून बघितला. बाबा त्याच्याकडे बघतच नव्हते. बैलाच्या पाठीवरचे गोमाशे उडवत होते. थंडीत गोमाशे कुठले? ते एक प्रकरण होईल, माझ्या मते दोन.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. पहिल्याच प्रकरणात नातवाला फवारणीचं औषध पाजलंस. विदर्भ म्हटलं की लोकांना तेवढंच माहीत असतं, म्हणून का? खोटं आहे असं म्हणत नाही, आपल्याच गल्लीत दोन घरं आहेत. पण तेराव्यानंतर पाहुणे गेले, फोटोवाले गेले, की मागे उरलेली बाई तलाठ्याकडे फेरफारसाठी चकरा मारते, कृषी केंद्रवाला मागची उधारी मागतो आणि वर मृग तोंडावर. त्या दिवसापासून सुरू कर. मेलेल्या माणसाला तू फार बोलायला लावलंस, ती एक शब्द बोलत नाही तुझ्या चौदा पानांत.

हे लिहून झाल्यावर, सालदाराचं माझं म्हणणं तुला पटावं म्हणून पेटीतून तुझ्या आबाजींची हिशेबाची वही काढली. शके १८९५ ची, म्हणजे तुझंच १९७३ साल. प्रत्येक सालदाराचं वेगळं पान. इतकी ज्वारी, इतकी उचल, पोराच्या आजाराला इतके, पाडव्याला हिशेब मिटला, खाली अंगठा. एक पान मात्र कार्तिकात थांबलंय. दोन पायली ज्वारी, पाच रुपये, आणि पुढे काही नाही. अंगठा नाही, बाकी किती तेही नाही. आबाजी पैशापैशाचा हिशेब ठेवणारे, त्यांनी उचल बुडली असंही लिहिलं नाही.

तुझ्या बाबांना विचारलं. म्हणाले, ठेवून दे ती वही. मग उठून गोठ्यात गेले, एवढ्या रात्री.

पोस्टानं पाठवणार नाही, फोटोही काढून पाठवणार नाही. हरभरा सोंगायला येशील तेव्हा वाच. बाबांना तू विचार, मी नाही विचारणार आता.

तुझी,
आई