तेरावी मॅच खेळणाऱ्या टीमला शिक्षा नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा आईला फोनवर सांगितलं की नातवाच्या कॉलेजची टीम फायनलला गेलीय, तर तिचा पहिला प्रश्न, "समोर कुठली तालीम हाय रं?" आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच असली की आमची अख्खी गल्ली रिकामी व्हायची, त्यामुळे फुटबॉल म्हटलं की तालीम हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल समजून घ्यायला याच्यापेक्षा सोपा शब्द मला तरी गेल्या १९ वर्षांत सापडला नाही. खेळ वेगळा आहे, बॉल हातात घेऊन पळायचा, अंगावर हेल्मेट-पॅड, पण जीव लावायची पद्धत तीच. माणूस शिकतो एका कॉलेजात, मग नोकरीला कुठंही जावो, सत्तराव्या वर्षीसुद्धा शनिवारी त्याच कॉलेजचा शर्ट घालून बसणार.

मी डॅलसजवळ प्लेनोला राहतो, मुलगा इथल्याच सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत म्हणजे एसएमयूमध्ये थर्ड इयरला आहे. तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचतो आणि क्रीडा पानावर या खेळाची एक ओळ पण दिसत नाही म्हणून हे पत्र. आपल्याकडची कितीतरी पोरं आज या कॉलेजांमध्ये शिकतायत, त्यांचे आईवडील पुणे-नाशिक-सांगलीत बसलेले असतात आणि पोरगं शनिवारी फोन का उचलत नाही हे त्यांना कळत नाही. या शनिवारी तर अजिबात उचलणार नाही.

कारण येत्या ७ डिसेंबरला सगळ्या मोठ्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटांच्या, फायनल आहेत आणि रविवारी ८ तारखेला निवड समिती प्लेऑफच्या, म्हणजे देशाचा चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीच्या, १२ टीम जाहीर करणार. गेल्या वर्षीपर्यंत फक्त ४ टीम घ्यायचे, २०१४ पासून तसंच चाललं होतं, यंदा पहिल्यांदा १२. पाच जागा सगळ्यात वरच्या रँकिंगच्या पाच कॉन्फरन्स चॅम्पियनना, उरलेल्या सात समिती ठरवणार. यंदाच्या नियमाने पहिल्या चार चॅम्पियनना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे बाय. पाच ते आठ नंबरवाल्यांना पहिली मॅच स्वतःच्या कॉलेजच्या मैदानावर, २० आणि २१ डिसेंबरला. मग क्वार्टर फायनल, सेमी, आणि २० जानेवारीला अटलांटात फायनल.

आता समिती लागतेच कशाला, पॉइंट टेबल का नाही, असं कुणीही विचारेल. तर कॉन्फरन्स इतक्या फुगल्यात की एकाच कॉन्फरन्समधल्या टीमसुद्धा एकमेकांशी खेळत नाहीत. बिग टेनमध्ये नावाला दहा, आहेत १८ टीम. एसईसी म्हणजे आग्नेयेकडची कॉन्फरन्स, तिच्यात १६, बिग ट्वेल्व्हमध्येही १६, आणि एसीसी म्हणजे अटलांटिक किनाऱ्याची कॉन्फरन्स, तिच्यात यंदापासून कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि कॅल, शिवाय आमची टेक्सासमधली एसएमयू. रेग्युलर सीझनला मॅच फक्त १२. मग कोण कुणापेक्षा भारी हे माणसं बसून ठरवतात, आणि ती बसतात माझ्या घरापासून अर्ध्या तासावर ग्रेपवाईनच्या एका हॉटेलात.

मॅचेसचं थोडक्यात सांगतो, वेळा भारतातल्या. शनिवारी रात्री साडेदहाला बिग ट्वेल्व्हची फायनल, ॲरिझोना स्टेट विरुद्ध आयोवा स्टेट, ही आमच्याच भागात आर्लिंग्टनला आहे आणि झोपायच्या आधी बघण्यासारखी आहे. ॲरिझोना स्टेटला सीझनच्या आधी १६ पैकी सोळावा नंबर दिला होता लोकांनी, आज ती फायनलला, आणि त्यांचा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, कॅम स्कॅटेबो बघाच, एका माणसाने त्याला पाडलंय असं क्वचित दिसतं, दोन-तीन जण लोंबकळत असतात आणि हा पुढंच. समोर आयोवा स्टेट, ज्यांनी शेवटचं कॉन्फरन्स टायटल जिंकलं १९१२ साली. ११२ वर्षं! तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे आजोबा ते बघायला असतील. कोलोराडो आणि बीवाययू (ब्रिगम यंग युनिव्हर्सिटी) पण याच दोघांइतक्याच मॅच जिंकून टायब्रेकरमध्ये बाहेर गेले, यावरून ती कॉन्फरन्स किती घासून झाली ते कळेल.

मग रात्री अडीचला अटलांटात एसईसीची फायनल, टेक्सास विरुद्ध जॉर्जिया. टेक्सास यंदाच एसईसीमध्ये आली, पहिल्याच वर्षी फायनलला, पूर्ण सीझनमध्ये एकच मॅच हरली आणि ती याच जॉर्जियाकडून ऑस्टिनमध्ये ३०-१५. जॉर्जियाने मागच्या शुक्रवारी जॉर्जिया टेकला आठ ओव्हरटाइम खेळून ४४-४२ हरवलंय, त्यांची पोरं किती थकलीत यावर ही मॅच आहे असं माझं मत. टेक्सासने गेल्या शनिवारी टेक्सास ए अँड एमला १७-७ हरवलं, ती मॅच २०११ नंतर पहिल्यांदा झाली आणि इथं माझ्या ऑफिसात दोन्ही कॉलेजची माणसं असल्याने आठवडाभर कामाचं कुणी बोललं नाही. दोघींपैकी कुणी हरलं तरी प्लेऑफमध्ये आहेत, त्यामुळे भांडण बायसाठी.

बिग टेनची फायनल रविवारी सकाळी साडेसहाला, ओरेगॉन विरुद्ध पेन स्टेट. ओरेगॉन १२ पैकी १२ जिंकून पहिल्या नंबरवर. पेन स्टेटला इथं यायची आशाच नव्हती, पण मागच्या शनिवारी ओहायो स्टेट स्वतःच्या घरी मिशिगनकडून १३-१० हरली, सलग चौथ्या वर्षी, आणि पेन स्टेटला दार उघडलं. ओहायो स्टेटचं काय झालं तर काही नाही, घरी बसून सहाव्या नंबरवर निवांत.

आणि आता मला ज्याच्यासाठी पत्र लिहायचं होतं ते.

त्याच वेळेला, रविवारी सकाळी साडेसहालाच, शार्लटमध्ये एसीसीची फायनल आहे, एसएमयू विरुद्ध क्लेमसन. एसएमयू १२ पैकी ११ जिंकलीय, कॉन्फरन्समध्ये आठच्या आठ. एकुलती हार सप्टेंबरमध्ये बीवाययूकडून १८-१५. रँकिंग आठवं. जिंकलो तर चॅम्पियन, थेट बाय. हरलो तर? तर क्लेमसन चॅम्पियन म्हणून आपोआप आत येणार, कुणीतरी एक बाहेर जाणार, आणि गेले दोन दिवस टीव्हीवरची अर्धी मंडळी सांगतायत की ते एसएमयूने जावं आणि अकराव्या नंबरच्या अलाबामाला ठेवावं. अलाबामा तीन मॅच हरलीय, व्हँडरबिल्टकडून, टेनेसीकडून आणि ओक्लाहोमाकडून तर २४-३. ती या शनिवारी खेळणार नाही, घरी बसून टीव्ही बघणार.

म्हणजे बघा, एसएमयू कॉन्फरन्समध्ये जरा कमी खेळली असती, एखादी मॅच जास्त हरून फायनलला गेलीच नसती, तर तिला हा धोका नव्हता. इंडियाना ओहायो स्टेटकडून ३८-१५ हरली, फायनलला गेली नाही, नवव्या नंबरवर सुरक्षित. नोत्र दामला तर फुटबॉलमध्ये कॉन्फरन्सच नाही, यंदाच्या नियमाने त्यांना बाय मिळत नाही हे खरं, पण तेरावी मॅच खेळायचा प्रश्नच येत नाही. जी टीम सगळ्यात जास्त जिंकली म्हणून एक मॅच जास्त खेळते, तिलाच त्या मॅचमुळे बाहेर काढायचं, हे माझ्या डोक्यात बसत नाही. कुस्तीत फायनल हरलेल्या मल्लाला कधी कुणी सेमीत हरलेल्याच्या खाली उभं केलंय का?

अलाबामावाल्यांचा मुद्दा अगदीच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. त्यांनी जॉर्जियाला हरवलंय ४१-३४, एसईसीतल्या मॅच जास्त कठीण असतात, आणि एसएमयू रेग्युलर सीझनला एसीसीतल्याच मियामीशीही खेळली नाही आणि क्लेमसनशीही नाही. पण ते वेळापत्रक एसएमयूने बनवलं नव्हतं. आणि हे सगळं समितीला मंगळवारी माहीत होतंच की, माहीत असूनच त्यांनी एसएमयूला आठवं आणि अलाबामाला अकरावं ठेवलं. समितीचे अध्यक्ष वॉर्ड मॅन्युएल यांनी सांगितलंय की ज्यांची मॅच उरलेली नाही त्यांच्या आपसातल्या जागा आता हलणार नाहीत, मियामी अलाबामाच्या वर जाणार नाही. चांगली गोष्ट. मग मॅच खेळणाऱ्याबद्दल पण तेवढंच स्पष्ट बोला ना.

मला याचं एवढं का लागतं ते एसएमयूचा इतिहास माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. १९८० च्या दशकात ही देशातली दादा टीम होती, एरिक डिकरसन आणि क्रेग जेम्स एकाच टीममध्ये, १९८२ ला एकही मॅच हरली नाही. मग बंदी असताना खेळाडूंना चोरून पैसे देताना सापडले, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि १९८७ ला शिक्षा झाली ती अशी की त्या वर्षी फुटबॉलच बंद. इथं तिला डेथ पेनल्टी म्हणतात आणि फुटबॉलच्या कुठल्याही मोठ्या कॉलेजला तशी शिक्षा त्याआधी झाली नाही आणि नंतरही नाही. १९८८ ला टीमच उभी राहिली नाही. पुढची बोल मॅच, म्हणजे सीझन संपल्यावरची मानाची मॅच, खेळायला २००९ उजाडलं. जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ ला मोडली तेव्हा टेक्सास, ए अँड एम वगैरे बिग ट्वेल्व्हमध्ये गेले आणि यांना कुणी विचारलं नाही. त्यांची चूक होतीच, ती मी झाकत नाही, पण आज २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर उघड पैसे कमावतायत आणि सगळे त्याला व्यवसाय म्हणतात. आणि एसीसीत शिरायला एसएमयूने काय दिलं, तर कॉन्फरन्सच्या टीव्हीच्या पैशातला वाटा नऊ वर्षं घेणार नाही म्हणून लिहून दिलं. नऊ वर्षं! फक्त मोठ्यांमध्ये खेळायला मिळावं म्हणून.

गेल्या शनिवारी कॅलविरुद्धची मॅच बघायला मी आणि बायको गेलो होतो. मॅचच्या आधी कॉलेजच्या मधल्या बुलेव्हार्डवर तंबू टाकून लोक खातपीत बसतात, आम्ही डब्यातनं बटाटेवडे नेले होते, मुलाच्या मित्रांनी दहा मिनिटांत संपवले. एसएमयूचं एक काळं छोटं शेटलंड पोनी आहे, पेरूना नाव त्याचं, टचडाऊन झाला की त्याला मैदानावर पळवतात, चार पोरं दोर धरून त्याच्यामागं धावतात आणि ते इतकंसं घोडं त्या पोरांना ओढत नेतं. ३८-६ जिंकलो, त्यामुळे त्याला भरपूर पळायला मिळालं. माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते, ते १९८७ च्या आधीपासून येतात म्हणाले, बंदीच्या वर्षी शनिवारी इथं नुसतं येऊन बसायचो. दुसरं काही बोलले नाहीत, पोनी पळायला लागलं की टोपी काढायचे.

क्लेमसन सोपी नाही हे मला माहीत आहे. डॅबो स्विनी कोच आहेत, २०१६ आणि २०१८ चे नॅशनल चॅम्पियन, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा, केड क्लबनिक चांगला आहे. पण त्यांची आत्ताची गोष्ट अशी की गेल्या शनिवारी दुपारी ते साउथ कॅरोलिनाकडून १७-१४ हरले, आणि त्याच संध्याकाळी मियामी २१-० पुढं असताना सिराक्यूजकडून ४२-३८ हरली म्हणून फायनलला पोचले. आमचा क्वार्टरबॅक केव्हिन जेनिंग्स सुरुवातीला डगमगतो, ड्यूकविरुद्ध टीमने सहा वेळा बॉल घालवला आणि तरी ओव्हरटाइममध्ये २८-२७ जिंकली. तसं परत केलं तर क्लेमसन सोडणार नाही. त्यांच्या डिफेन्सविरुद्ध पहिला क्वार्टर सांभाळला तर आम्ही जिंकू असं मला मनापासून वाटतं.

बॉइजी स्टेटचं राहिलंच, ती शनिवारी सकाळी साडेसहाला यूएनएलव्हीशी (लास वेगासची युनिव्हर्सिटी) खेळतेय, निळ्या रंगाच्या मैदानावर, तिच्या ॲश्टन जेंटीने या सीझनला बॉल घेऊन २००० यार्डांच्या वर धाव घेतलीय. ज्यांना एकच माणूस बघायचा आहे त्यांनी त्याला बघा.

तुमचा रविवारचा अंक आईच्या दारात पडतो तेव्हा इथं बहुतेक दुसरा क्वार्टर चालू असेल, त्यामुळे निकाल त्यात येणार नाही हे मला कळतं. सोमवारच्या अंकात क्रीडा पानावर चार ओळी छापाव्यात ही विनंती, स्कोअर आणि बारा टीमची नावं, एवढंच. आईने आत्ताच विचारून ठेवलंय, आणि मोबाईलवरचं तिला वाचता येत नाही.

आपला नम्र,
एक कोल्हापूरकर वाचक
प्लेनो, टेक्सास
४ डिसेंबर २०२४